टप कापलेली गाडी

माझ्या हातांना आता कंप आहे. डॉक्टर म्हणतो वयाचा. सून म्हणते चहा कमी करा. मुलगा काही म्हणत नाही, कपबशी वाजली की नुसता माझ्या हातांकडे बघतो. त्याच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. त्याला वाटतं हा कंप त्या गाडीचा आहे. असेलही. इतकी वर्षं ती हातात धरली, थोडी अंगात राहिली असेल तर राहू दे.

मी वरातीची उघडी गाडी चालवायचो. नव्वदच्या पुढेमागे आमच्या नाशकात तिची चाल पडली. लग्नाआधी नवरदेव मारुतीला जायचा तो घोड्यावर, पण लग्न लागल्यावर नवरी कुठे घोड्यावर बसते? म्हणून मग वरातीला टप नसलेली गाडी, पुढे बँड, मागे बायका. मी तोवर मखमलाबादहून मार्केटला दुसऱ्याचा भाजीचा टेम्पो नेत होतो. शाळा चौथीपर्यंत. टेम्पो त्याचा आणि पोलिसांच्या शिव्या माझ्या, याचा मला वीट आला होता. अशात मुंबईला टॅक्सी म्हणून झिजून झिजून बाद झालेली एक जुनी गाडी मला मिळाली. ती मी द्वारका चौकाकडच्या एका डेंटरकडे, गाड्यांचा पत्रा ठोकणाऱ्याकडे, नेली आणि त्याला म्हणालो, हिचा टप काढून टाक.

डेंटर वयानं माझ्याएवढाच. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "काढतो. पण ही जीप नाय, भाऊ. जीपला खाली चेसी असती. हिला खाली काहीच नाय. हा टप, हे खांब, हा पत्रा, हेच हिचं हाड."

मी म्हणालो, हाड असू दे, काढ. तेव्हा त्यानं कोपऱ्यातला पाण्याचा डबा पुढे ओढला. तेलाचा चौकोनी डबा, तोंड कापलेला, वर धरायला लाकडाची आडवी दांडी ठोकलेली. तसे डबे तेव्हा घरोघर असायचे. त्यानं डबा दाबला, डबा हलला नाही. मग दांडीचे खिळे उपसले आणि पुन्हा दाबला तर डबा एका अंगाला लपकन वाकला आणि पाणी माझ्या पायावर आलं. त्याचं म्हणणं असं की टप काढल्यावर पुढच्या सीटच्या पाठीमागे एक आडवा पाइप टाकू, आणि दोन्ही बाजूंना दारांखालून एकेक लांब, पुढून मागेपर्यंत.

तो आडवा पाइप बरोबर नवरानवरीच्या गुडघ्यांसमोर येत होता. मी म्हणालो, मला वरातीची गाडी करायची आहे, जनावरं न्यायचा पिंजरा नाही. त्यानं डबा परत कोपऱ्यात सरकवला. गॅस कटर पेटवला. मी तिथंच उभा होतो. शेवटचा खांब तुटला तेव्हा गाडीतून एक आवाज निघाला, म्हातारं माणूस गुडघ्यावर हात ठेवून खाली बसताना काढतं तसा. चारही दारं आधी बोटानं लागत होती, ती आता आपटून लावावी लागायला लागली. मी म्हणालो, नवीन रबर टाकू.

पांढरा रंग दिला, लाल सीट शिवून घेतल्या, आणि पहिल्या वराती झाल्या. गाडी देखणी होती, हे कोणी नाकारू नये. पण ती थरथरायची.

ज्यानं चालवली नाही त्याला कळणार नाही म्हणून सांगतो. वरात चालते माणसाच्या पावलानं. गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा दाबलेला, इंजिन गुरगुरत राहतं आणि त्याचं सगळं गुरगुरणं अंगभर पसरतं. टप असता तर त्यानं ते धरून ठेवलं असतं. टप नाही म्हटल्यावर ते काचेच्या चौकटीत यायचं, स्टेअरिंगमध्ये यायचं, माझ्या दातांत यायचं. आरशात बघावं तर दोन नवरे, दोन नवऱ्या, आणि चारही जण थंडी वाजल्यासारखे. स्पीडब्रेकर आला की पुढची अर्धी गाडी उतरायची तेव्हा मागची अर्धी चढायची आणि दोघींची भेट व्हायची माझ्या कमरेत. एक चाक खड्ड्यात गेलं की सगळी गाडी ओला कपडा पिळल्यासारखी पिळवटायची आणि समोरची काच कुरकुरायची. दोनदा तर कोपऱ्यातून तडकली.

माझी बायको फुलमळ्यातली. गाडीचे झेंडूचे हार तीच ओवायची. कितीही घट्ट बांधले तरी थरथरीनं पाकळ्या सुटायच्या. आमची गाडी गेली की रस्त्यावर मागं पिवळा पट्टा पडलेला असायचा. लोकांना वाटायचं ही मुद्दाम केलेली सोय आहे. एका पार्टीनं तर फुलं उधळणारी गाडी तुमचीच ना, असं विचारत घर शोधलं. मी हो म्हणालो. खोटं काय होतं त्यात?

खरा ताप होता दारांचा. गाडी रिकामी असली की दारं उघडायची. मागे माणसं बसली, डिकीच्या पाठीवर नवऱ्याचे चार दोस्त चढले, की गाडी मधून खाली बसायची आणि दारं वरच्या अंगाला आवळली जायची. मग वरात दारात आली तरी नवरी गाडीतच. नवरीनं दारातूनच उतरायचं असतं, उजवा पाय आधी जमिनीला लावून, आणि तिथं नणंद भाकरतुकडा ओवाळायला उभी असते. कुंपणावरून शेळी उडी मारते तशी नवरी उतरवता येत नाही. मी याच्यावर तोड काढली होती. वरात थांबली की आधी मागची पोरं खाली ओढायची. तरी नाही उघडलं तर मागच्या सीटखालचा जॅक काढायचा, हार नीट करतोय असं दाखवत दाराच्या खाली लावायचा आणि दांडा थोडा फिरवायचा. दार आपोआप मोकळं व्हायचं. कोणाला कधी कळलं नाही. बायकोला माहीत होतं, आणि पुढे मुलाला.

असे हंगाम गेले. वैशाखातल्या दुपारी बिनटपाच्या गाडीत काय भाजून निघतं माणूस. लाल सीटवर हात ठेवला तर फोड यायचा. नाचणारे पुढून हलायचे नाहीत, बँडवाला तेच गाणं पुन्हा घ्यायचा, माझा डावा पाय क्लचवर सुन्न झालेला. शेवटच्या पंगतीला जेवायला बसलो की ताटातला वरणभातसुद्धा हलतोय असं वाटायचं. घरी येऊन खाटेवर पडलो तरी अंग गाडीतच. पण एक होतं. ओवाळणी करायला बाया यायच्या तेव्हा आधी गाडीला कुंकू लागायचं. टेम्पोला कोणी कधी कुंकू लावलं नव्हतं.

मुलगा आयटीआय करून अंबडला एका कारखान्यात वेल्डर म्हणून लागला. लोखंडी सांगाडे जोडायचं काम. एका रविवारी तो गाडीखाली गेला, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत सुतळी ताणली, आणि बाहेर येऊन मला म्हणाला, मधून बसलीय. मी म्हणालो, मीपण बसलोय मधून, माझ्याखाली सुतळी धर.

तेव्हा हसण्यावारी गेलं. दोन हजार साल उलटल्यावर त्याचं लग्न ठरलं आणि हसणं संपलं. मुलगी घोटीकडची, भातशेतीवाल्या घरातली. लग्न तिकडे, वरात आमच्याकडे. वरात कशात, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. अख्ख्या पंचक्रोशीतल्या पोरांच्या बायका मी घरी आणल्या, माझ्या पोराची दुसरं कोण आणणार?

एक दिवस जेवताना तो म्हणाला, "आप्पा, मी वरातीला या गाडीत नाय बसणार."

मी घास खाली ठेवला. तो शांतपणे बोलत होता, तेच जास्त लागलं. म्हणाला, कारखान्यातली सगळी पोरं येणार, त्यांना बघताक्षणी कळेल की ही गाडी मधून मोडत आलीय. ती मोडेल, आज नाही तर उद्या, आणि तेव्हा मागे कोण बसलेलं असेल ते सांगता येत नाही. एक तर मला पाइप टाकू द्या, एका दिवसाचं काम आहे. नाहीतर दोस्ताच्या चुलत्याची बंद गाडी आहे, पांढरी, तीत आणतो.

मी म्हणालो, पाइप नाही आणि बंद गाडीही नाही. मी त्या दिवशी चूक बोललो असं मला आजही वाटत नाही. कोणाचाही मुलगा माझ्या गाडीत बसतो आणि माझाच बसत नाही, हे मी माझ्या गल्लीत कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि त्याच्या हातून ठिगळ लावून घ्यायचं म्हणजे इतकी वर्षं मी मोडकी गाडी चालवली असं गावाला सांगण्यासारखंच. आमचं बोलणं तुटलं. तो सकाळी डबा घेऊन जायचा, रात्री आला की आईशी बोलायचा. ती म्हणायची, "तुम्ही दोघं एकाच पत्र्याचे. वाजायचं तेवढं माझ्या डोक्याशी." बाकी ती कोणाच्याच बाजूनं बोलली नाही. झेंडू मात्र तिनं माहेरी सांगून ठेवला.

लग्नाआधी नवरीचे वडील सुपारीच्या बोलण्यासाठी आले. अंगणात गाडी उभी होती. चहा व्हायच्या आत ते जाऊन पुढच्या सीटवर बसले, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले आणि लहान मुलासारखे हसले. म्हणाले, मी आमच्या सगळ्या गावाला सांगून ठेवलंय, माझी लेक टप नसलेल्या गाडीतून घरात जाणार. सगळ्यांना दिसणार. मुलगा ओट्यावर उभा राहून ऐकत होता. ते गेल्यावर माझ्याजवळ आला.

"तिच्या बापासाठी बसतो. तुमच्यासाठी नाय."

मी म्हणालो, बस म्हणजे झालं.

लग्न घोटीला लागलं. नवरानवरी जीपनं आली आणि आमच्या मारुतीच्या देवळापाशी उतरली, तिथं मी गाडी सजवून उभा होतो. नवरीसोबत पाठराखीण म्हणून तिची आत्या होती. बाई उंचीला बेताची, पण मागची सीट तिनं अर्धी घेतली. तेवढ्यात नवरीच्या वडिलांनी जीपमधून तांदळाची गोणी उतरवली. त्यांची इच्छा अशी की पोरीच्या पायाशी घरच्या शेतातला तांदूळ असावा. मी नको कसं म्हणणार? त्यांनी ती स्वतः उचलून पुढच्या आणि मागच्या सीटच्या मधे दाबून बसवली. नवरीनं तिच्यावर पाय ठेवले. मागच्या पाठीवर कारखान्यातली पोरं चढली. पुढे बँड सुरू झाला.

मी गाडी पुढे काढली आणि हातांना कळलं की ही आजवर कधी इतकी खाली बसली नव्हती. थरथर नेहमीची नव्हती. ती खालून यायची, जड, आणि सुटायची नाही. स्पीडब्रेकरवर पोटाखालून घासल्याचा आवाज आला. आरशात मुलगा ताठ बसलेला, समोर बघत. माझ्याकडे नाही. नवरीची मान खाली, मुंडावळ्या थडथड हलत होत्या. हारांच्या पाकळ्या मुठीनं टाकल्यासारख्या गळत होत्या आणि रस्त्याच्या कडेच्या बाया म्हणत होत्या, बघा कशी फुलं उधळत येतीय.

दिवेलागणीला वरात दारात आली. माझी मुलगी तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन पुढे झाली. मी उतरून नवरीच्या बाजूचं दार ओढलं. दार आलं नाही. पोरांना उतरायला सांगितलं, ती उतरली, पुन्हा ओढलं, नाही. पाठराखिणीला उतरवावं तर तिलाही हेच दार, कारण पलीकडचं त्याहून आवळलेलं. मग जॅकसाठी हात घातला तर तो मधेच अडला. जॅक सीटखाली, आणि सीटला टेकून तांदळाची गोणी रुतलेली. बोटंसुद्धा जात नव्हती.

बँड थांबला. बँड थांबला की लोकांना बघायला दुसरं काही उरत नाही. शेजारच्या ओट्यावरून कोणीतरी विचारलं, दार वेल्डिंग करून घेतलं का काय पोराकडून. लोक हसले. आत्याबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "व्याही, पोरीला वरून उचलून घेता का आता, गोणीसारखी?"

मी दाराला लाथ घालणार होतो. खरंच घालणार होतो. माझे हात दाराच्या मुठीवर थरथरत होते आणि इंजिन तर बंद होतं.

तेव्हा मुलगा उठला. त्याच्या खांद्यावरचं उपरणं आणि नवरीचा शेला यांची गाठ बांधलेली. त्यानं गाठ सोडली नाही. उपरणंच खांद्यावरून काढलं, नीट घडी करून तिच्या मांडीवर ठेवलं, आणि पलीकडच्या बाजूनं गाडीवरून खाली उतरला. वळसा घालून माझ्या शेजारी आला. दोन दोस्तांना खूण केली. मग त्या नव्या कपड्यांत, कपाळाला मुंडावळ्या तशाच, तो खाली बसला आणि दाराखालच्या पत्र्याला त्यानं खांदा लावला.

"आप्पा, तुम्ही दार धरा," तो म्हणाला. "मी सांगितलं की ओढा."

तिघांनी गाडी उचलली. खूप नाही, बोटभर असेल. पण माझा हात दारावर होता, मला फट मोकळी होताना कळली. आयुष्यभर त्या गाडीचं जे काही मी ऐकलं ते हातानंच. तो म्हणाला, आता. मी ओढलं. दार उघडलं.

नवरी उजवा पाय आधी टाकून उतरली. माझ्या मुलीनं दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाणी फिरवलं. मुलानं उपरणं पुन्हा खांद्यावर घेतलं, पण खांद्यावर गाडीच्या पोटाचा काळा पट्टा उठलेला तो झाकला गेला नाही. लग्नाच्या फोटोत अजून दिसतो.  त्यानं एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मला उत्तर देता आलं असतं.

सत्यनारायण झाला, पाहुणे गेले. एका सकाळी मी गाडी धूत होतो, तेव्हा सून चहा घेऊन आली. तोवर ती माझ्याशी डोक्यावरचा पदर सावरत, हो-नाही एवढंच बोललेली. कप बोनेटवर ठेवला आणि तिथंच थांबली.

"मामा, गाडीला पाइप टाकायचं म्हणत होते हे."

मी म्हणालो, गाडीला काही झालेलं नाही.

ती म्हणाली, "मला तर बरी वाटली. मी त्या दिवशी एवढी थरथरत होते, माझी मला लाज वाटत होती. गाडीच थरथरत होती म्हणून कोणाला कळलं नाय."

एवढं बोलून ती आत गेली. मी ओल्या फडक्यानं पुसलेलंच दार पुन्हा पुसायला लागलो. इतक्या पोरी मी आरशात बघितल्या. सगळ्या थरथरतानाच बघितल्या. मला कायम वाटत आलं की ती गाडी आहे. त्यातलं गाडीचं किती आणि पोरींचं किती, हे मी कधी बघितलंच नव्हतं, आणि आता कोणाला विचारणार?

त्या दिवशी तो कामावरून आल्यावर मी त्याला म्हणालो, पाइप टाक, पण गुडघ्याला लागता कामा नये. तो म्हणाला, पायाशी घेतो, वर गादी शिवू. मी म्हणालो, लाल. तो म्हणाला, लालच. आमचं एवढंच बोलणं झालं. रविवारी त्यानं सीट काढल्या, आधी गाडी मधून जॅकवर उचलून धरली, दारं बोटानं लागेपर्यंत, आणि मग तसंच धरून पाइप जोडले. मी पाण्याची बादली घेऊन शेजारी उभा राहिलो, ठिणगी उडाली तर असावी म्हणून. काम त्यानं चांगलं केलं. मी तसं बोललो नाही.

त्यानंतर आणखी काही हंगाम मी गाडी चालवली. कंबर जरा कमी दुखली. दारं एका ओढीत उघडायची, जॅक गंजत पडला. पाकळ्या गळायच्या थांबल्या आणि बँडवाला विचारायला लागला, काका, फुलं उधळायचं बंद केलं का? मी म्हणायचो, हो, लोकांना आता आवडत नाही. आरशात एकच नवरा दिसायचा आणि एकच नवरी. ती थरथरत असली तर ते तिचं असायचं, आणि ते सगळ्यांना दिसायचं. ते बघवायचं नाही. मी आरसा थोडा वर करून ठेवायचो, आकाशाकडे, आणि क्लचवर पाय ठेवून बँड पुढे सरकायची वाट बघायचो.

मग डीजे आले, बंद गाड्यांना फुलं चिकटवायला लागले आणि मला बोलावणं यायचं थांबलं. गाडी भंगारात देताना त्या माणसानं मधला पाइप वाजवून बघितला आणि म्हणाला, बाकी पत्रा गेलाय, हा मात्र चांगला आहे. मी मुलाला ते सांगितलं. तो चहा पीत होता. हूं म्हणाला.